सी आवडे छे?

अलकाताईंचं नाव आधी लिहितो. बाकीचं मागून येईल.

अलकाताई सुरतेतल्या एका वाचनालयात मराठी कपाटं सांभाळायच्या. कॉम्प्युटरची सी लँग्वेज त्यांना येत नव्हती. कॉम्प्युटरवर त्या दोन बोटांनी टाइप करायच्या आणि एंटर दाबताना मान जरा मागे घ्यायच्या, तापल्या तेलात मोहरी टाकताना घेतात तशी. तरी सी शिकायला बसलेल्या माणसाने कुठलं पुस्तक उचलावं आणि कुठलं जागेवर ठेवून द्यावं, हे मला त्यांनीच शिकवलं. ज्यांना सी येत होती त्यांच्यापैकी कुणालाही ते सांगता आलं नव्हतं.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे पोंक. थंडी पडली की नदीकाठी पोंकाचे मांडव उभे राहतात. कोवळ्या ज्वारीची कणसं भट्टीत भाजायची, गरम असतानाच कापडात गुंडाळून झोडायची आणि हिरवे दाणे पाखडून घ्यायचे. आमच्या खानदेशात हाच हुरडा. तिथे तो शेताच्या बांधावर बसून खातात, इथे शेव आणि लिंबू घालून, गाडीला टेकून. परवा सचिनहून, सुरतेबाहेरच्या त्या कारखान्यांच्या गावाहून, येताना मी पावशेर घेतला. पुडी उघडली, वाफ नाकात गेली. माझ्याबरोबरच्या माणसाला गाव आठवलं, त्याने तसं बोलूनही दाखवलं. मला शेत आठवलं नाही, सीच्या पुस्तकातलं ॲरेचं प्रकरण आठवलं. एका हिवाळ्यात मी पोंक खात खात ॲरे शिकलो होतो, आणि नाकाला बहुधा त्याच्या आधीचं काही लक्षात ठेवायचं नाही.

तेव्हा मी सचिनला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, होतो. बारा तासांची पाळी, एका आठवड्यात दिवसाची, एका आठवड्यात रात्रीची. शेडमधला आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगून उपयोग नाही. आत आम्ही एकमेकांशी बोटांनी आणि भुवयांनी बोलायचो. लाइट गेली की एकदम शांत व्हायचं आणि सगळेजण उगाचच हळू आवाजात बोलायला लागायचे. पुढे पुढे लाइट गेली तरी मला शांत वाटेनासं झालं. डाव्या कानात एक बारीक शिट्टी राहायला आली. उधन्याच्या डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं आणि म्हणाले, गेलं ते येणार नाही, उरलेलं ठेवायचं असेल तर आवाजातून बाहेर पडा. ते असं म्हणाले जणू आवाजाला दार असतं.

दार होतं, जिन्याच्या वर. शेडच्या वरच्या मजल्यावर एक काचेची खोली होती. मशीनचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड तिथे दुरुस्त व्हायचे. खोली भरतभाईंची. त्यांचा मदतनीस काम सोडून गेला होता. सुट्टीच्या दिवशी मी वर जाऊन तुटलेल्या तारा डाखायचो, म्हणजे सोल्डरिंग करायचो, त्यांना माझं काम पसंत होतं. दिवाळीची सुट्टी संपून लूम पुन्हा सुरू झाले त्या आठवड्यात त्यांनी मला बोलावलं. मी उभा राहिलो तो नेमका डावा कान त्यांच्याकडे करून. खालून शेडचा आवाज येत होता. पडद्यावर रंगीत अक्षरांच्या ओळी होत्या. निळ्या, हिरव्या, मधेच एखादी लाल.

"गोकुळ, तने सी आवडे छे?"

"आवडते ना," मी म्हणालो.

ते खूश झाले. "तो उत्तरायण पछी उपर आवी जा. एक बोर्ड आपीश, करी बताव. नहीं तो मारे डिप्लोमावाळो लेवो पडशे."

उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झाली की वर ये, एक बोर्ड देईन, दुरुस्त करून दाखव. नाही जमलं तर डिप्लोमा झालेला माणूस घ्यावा लागेल. हे सगळं मला समजलं. जिना उतरून अर्ध्यावर आल्यावर पहिलं वाक्यसुद्धा समजलं. गुजरातीत 'आवडे छे' म्हणजे 'येतं का'. मला सी येते का, असं ते विचारत होते. सात वर्षं सुरतेत राहून मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण शेडमध्ये ओडिशाचे, यूपीचे आणि आम्ही खानदेशी, सगळे हिंदी बोलतो. गुजराती कानावर पडते ती दुकानापुरती. त्या घटकेला माझ्यातला धुळे जिल्हा जागा झाला आणि त्याने मराठीत ऐकलं. पडद्यावरच्या त्या रंगीत ओळी मला खरंच आवडायच्या. मी खोटं बोललो नव्हतो. पण भरतभाईंनी जे ऐकलं ते खोटं होतं.

परत वर जाऊन सांगावं का? अर्ध्या जिन्यात उभा राहून मी याचा विचार केला. मग खाली गेलो.

डिंडोलीला आमच्या खोलीत आम्ही सहा जण होतो, तीन दिवसपाळीचे आणि तीन रातपाळीचे, म्हणजे गाद्या तीन. माझ्याच तालुक्यातला राजू माझा गादीभागीदार. त्याला ही गोष्ट सांगितली तर तो पोट धरून हसला. "तुले दाढी उनी, आते काय शिकी राह्यना भो? नववीमाच शाळा सोडेल माणूस तू!" आणि मग हसणं थांबवून म्हणाला, "कान कसा शे?"

पुढचे दोन आठवडे मी शोधत होतो. लोकांना वाटतं शिकणं अवघड असतं. माझ्या अनुभवात, कशावरून शिकायचं हे शोधणं त्याहून अवघड. शिकणारा नवखा असतो, म्हणजे चांगलं-वाईट ओळखायची अक्कल यायच्या आधीच त्याला निवड करायची असते. कापडाचं मला कळतं. तागा हातात धरला की काठ सैल आहे की कसा ते बोटांना समजतं. पण सीच्या पुस्तकाला हात लावून मला काहीच कळत नव्हतं.

उधन्याला एक क्लास होता. पाटीवर लँग्वेजची नावं भाजीच्या दुकानातल्या भावांसारखी एकाखाली एक लिहिलेली. तिथल्या सरांनी विचारलं, "बारवी सायन्स?" मी म्हणालो, "नववी." त्यांनी मला तरीही एक तास बसू दिलं, माणूस चांगला होता. पण त्यांचं दर तिसरं वाक्य 'तुम्हाला माहीतच आहे की' असं सुरू व्हायचं. मला माहीत नव्हतं. पुढच्या बाकावरची मुलं माना हलवत होती, मीही हलवली. तासभर मान हलवून बाहेर पडलो.

मग मोबाइलवर व्हिडिओ. हिंदीत शिकवणारे एक सर होते, दर भागात म्हणायचे, "बहुत आसान है दोस्तों." त्यांचं सगळं पटायचं. बघताना असं वाटायचं की मीच लिहितोय. व्हिडिओ बंद करून कोरा पडदा समोर घेतला की पहिली ओळसुद्धा हातातून उतरायची नाही. त्यांच्या मशीनवर कधी काही बिघडतच नव्हतं. लूमवर नवा माणूस शिकतो तो धागा तुटल्यावर. चालू मशीनकडे बघत महिनाभर उभा राहिला तरी त्याला काही येत नाही. शिवाय मी ऐकायचो एकाच कानाने.

फुटपाथवर एक गाइड मिळालं, प्रश्नोत्तरांचं. 'सी म्हणजे काय? पाच गुण.' उत्तर मी पाठ केलं. अजून पाठ आहे. कशाच्याही कामाला आलं नाही.

वाचनालयात मी आधीपासून जायचो, पण वाचायला नाही. रातपाळी सुटली की खोलीवर आजूबाजूच्या गलक्यात झोप लागायची नाही, आणि वाचनालयात पंखे होते आणि कुणी बोलत नव्हतं. मराठी पेपर समोर धरून बसायचो. एका सकाळी तेच गाइड घेऊन बसलो होतो.

"झोपायचं असेल तर त्या कोपऱ्यात बस. इथे ऊन येतं."

मी दचकून वर पाहिलं. सुती साडी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा.

"झोपलो नव्हतो, बेन. वाचत होतो."

"पुस्तक उलटं होतं."

मी ते सुलट केलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मराठी पेपर वाचतोस आणि बेन काय म्हणतोस? ताई म्हण. काय शिकतोयस?"

मी सांगितलं. आवडे-आवडतेचं सुद्धा सांगून टाकलं, का ते माहीत नाही. अलकाताईंचा जन्म सुरतेतला, वडील इथे शिक्षक म्हणून आलेले. त्यांना दोन्ही भाषांत तो शब्द घरचाच होता. आता मात्र त्या हसल्या, तोंडावर हात ठेवून, कारण वाचनालय होतं. मग म्हणाल्या, "चल."

तांत्रिक पुस्तकांच्या कपाटात सीची आठ पुस्तकं निघाली. अलकाताईंनी ती काढून टेबलावर ओळीने उभी केली, पण शीर्षकं आमच्याकडे करून नाही. पाठ भिंतीकडे आणि पानांची कड आमच्याकडे.

"वाचू नकोस. आधी कड बघ."

"कडेला काय आहे?"

"मळ. लोकांच्या बोटांचा. माणूस जिथवर वाचतो तिथवर पानांची कड काळवंडते. पुढे कोरी. हे बघ."

मी पाहिलं. जाडजूड पुस्तकं होती, चकचकीत कव्हरांची. त्यांच्या कडेला सुरुवातीला अंगठ्याएवढा काळा पट्टा, आणि मग एकदम पांढरं, शेवटापर्यंत. ताईंनी एकात बरोबर त्या काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर नख घातलं आणि पुस्तक उघडलं. "इथे काय आहे? पॉ... पॉइंटर. हं. इथे सगळे मेले." दुसरं उघडलं. "हे तर त्याच्याही आधीच. लेखकाने मधेच काहीतरी गृहीत धरलं असणार. वाचक बिचारा स्वतःलाच ढ समजून परत देऊन गेला."

आठवं पुस्तक सगळ्यांत बारीक होतं. मूळ कव्हर कधीच गेलेलं, वाचनालयाने तपकिरी कापडात बांधलेलं. त्याचं नाव मला आजही नीट माहीत नाही, पहिलं पान नव्हतंच. पण त्याची कड पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखी मळलेली होती. चांगल्या विणीच्या कापडासारखी, कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही.

"हे ने," ताई म्हणाल्या.

"हे फार जुनं आहे, ताई."

"जुनं कशाने झालं ते बघ की."

मग माझ्या हातांकडे त्यांचं लक्ष गेलं. "आणि आधी तिकडे नळावर जा. तुझा मळ लागला तर लागू दे, पण ग्रीस नको. ग्रीस म्हणजे मळ नाही, डाग."

पुस्तक इंग्रजीत होतं. पण वाक्यं लहान होती, आणि समासात पेन्सिलीने गुजरातीत कुणी कुणी लिहून ठेवलेलं. एकाने अवघड शब्दांचे अर्थ दिले होते. एकाने एका गणितापाशी चक्क 'फरी वांचो' असं लिहिलं होतं, पुन्हा वाचा. आणि त्याच्या चार पानांनंतर त्याच अक्षरात, 'हवे समजायुं'. आता समजलं. हा माणूस कोण, कुठे असेल, मला कल्पना नाही. पण त्याला चार पानं लागली याचा मला फार आधार वाटला. व्हिडिओतल्या सरांना कधीच चार पानं लागत नव्हती.

रातपाळीच्या आठवड्यात रोज सकाळी अर्धा तास असं ठरलं. ठरलं असं कुणी म्हटलं नाही, ताई त्यांचा डबा-पाणी टेबलावर ठेवून यायच्या आणि समोर बसायच्या. इंग्रजी त्यांचं, सी माझी.

"'डिक्लेअर' म्हणजे जाहीर करणं."

"काय जाहीर करायचं?"

"ते तुझं तू बघ. माझं काम डिक्शनरीपुरतं."

ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यावाच लागतो हे ऐकून त्यांना मनापासून आनंद झाला. "अर्धविराम! अरे, आता सरकारी पत्रातसुद्धा कुणी देत नाही." वळणदार कंसाला मी मिशी म्हणायचो, मिशी उघडली, मिशी बंद केली. त्यांनी सांगितलं, त्याला महिरपी कंस म्हणतात. शब्द इतका देखणा होता की तेव्हापासून मी कंस टाकायला विसरलो नाही. प्रोग्राम लिहायचो मोबाइलवर, एका छोट्या ॲपमध्ये. बोटं जाड, बटणं बारीक. ताई म्हणायच्या, आधी वहीत लिही. वहीत लिहिलेलं चालतं की नाही हे वही सांगत नाही, पण वही घाईही करत नाही.

ॲरेपाशी मी अडलो. पाच आकडे ओळीने पाच घरांत ठेवले आणि एक ते पाच असे छापायला सांगितले. पहिला आकडा गायब, आणि शेवटी कुठून तरी एक भलताच मोठा आकडा आला जो मी कधी लिहिलाच नव्हता. मला वाटलं मोबाइल गेला. राजूचा मोबाइल घेतला, त्यातही तसंच. पुस्तक म्हणत होतं की घरांचे नंबर शून्यापासून सुरू होतात. हे मला पटेना. शून्य म्हणजे काही नाही. मग जे आहे त्याला शून्य नंबर कसा? ताईंनी वाक्याचा अर्थ तीनदा सांगितला. अर्थ समजत होता, पटत नव्हता.

वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून पोंक खात होतो. बोटांना लिंबू लागलेलं म्हणून पुस्तक मांडीवर मिटून ठेवलेलं. आणि काही कारण नसताना खळ्यावरचा मापारी आठवला. आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही. म्हणतात 'लाभ'. लाभ, मग दोन, मग तीन. लहानपणी मला वाटायचं, पहिलं माप फुकट गेलं की काय. पण ते पोत्यात पडलेलं असतंच, नुसतं त्याला एक म्हणत नाहीत. पहिल्याचं नाव वेगळं.

मी लिंबाच्या बोटांनीच आत गेलो. ताई रजिस्टर लिहीत होत्या.

"ताई, शून्य म्हणजे लाभ!"

त्यांनी चष्मा काढला. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "भरूचला मामाकडेही भात मोजताना लाभ म्हणायचे." मग त्यांनी रजिस्टर मिटलं. "म्हणजे हे तुला येतच होतं," म्हणाल्या. "हात धू."

पतंगांचे दिवस जवळ येत चालले. रस्त्याच्या कडेला मांजा रंगवणारे बसले, दोन खांबांमध्ये गुलाबी दोऱ्याच्या ओळीच ओळी. माझी पानं सरकत होती, पण दिवस जास्त वेगाने सरकत होते. आणि पान वाढत जाईल तसं काचेच्या खोलीतलं ते उत्तर जड होत गेलं. एका सकाळी ताईंना विचारलं, "जाऊन सांगून टाकू का, की मला येत नव्हती?"

"सांगायचं तर सांग," त्या म्हणाल्या. "पण शिकून सांग. न शिकता सांगितलंस तर ती फक्त माफी होईल."

उत्तरायणाच्या दिवशी डिंडोलीच्या सगळ्या गच्च्या भरल्या होत्या. राजूने मला वर ओढून नेलं. फिरकी माझ्या हातात दिली. तो ओरडत होता, "ढील दे, ढील!" आणि मी त्याच्या डाव्या बाजूला उभा राहून, चांगला कान त्याच्याकडे करून, ढील देत होतो, आणि मनात महिरपी कंस उघडत-मिटत होतो. आभाळात एवढे पतंग की एकाचा दोरा दुसऱ्याचा वाटावा.

दोन दिवसांनी भरतभाईंनी बोर्ड समोर ठेवला. दोष असा होता : मशीनवर आठ जागी धागा तुटल्याची खबर देणारे आठ दिवे. कुठलाही धागा तुटला तरी तिसराच दिवा लागायचा. कारागीर तिसऱ्या जागी धागा शोधत बसायचा आणि तुटलेला असायचा सातवा. प्रोग्राम पडद्यावर होता. मी ओळीओळीने वाचला. हे विशेष होतं, मी तो वाचू शकत होतो. लूप समजला, ॲरे समजला, अर्धविराम सगळे जागेवर होते. अटींच्या आठही ओळींत 'आणि'ची खूण दोनदा होती. ती खूण एकदा देण्यात आणि दोनदा देण्यात काहीतरी फरक असतो, हे मी वाचलं होतं. काय फरक, ते आठवेना.

घाम आला. खोलीत पंखा चालू होता, तरी शिट्टी पंख्याहून मोठी झाली.

"भरतभाई, मला हे आत्ता येत नाही," मी म्हणालो, हिंदीत. "पण कुठे आहे ते माहीत आहे. पुस्तक बघू का?"

"परीक्षामां चोपडी?" त्यांनी भुवया चढवल्या. परीक्षेत पुस्तक?

"आणि दुसरं एक. त्या दिवशी तुम्ही विचारलं, आवडे छे. मी मराठीत ऐकलं. मराठीत त्याचा अर्थ, पसंत आहे का. मला पसंत होती. येत नव्हती. तेव्हापासून शिकतोय."

भरतभाईंनी हातातला पेचकस खाली ठेवला. मला वाटलं आता डिप्लोमावाला. शाळेत पुस्तक उघडून लिहिणाऱ्याला उभं करायचे, आणि मी तर उभाच होतो. मग ते हसायला लागले, खुर्ची मागे सरकवून. "पसंद छे!" असं दोनदा म्हणाले. "जो, जो, चोपडी जो." बघ, पुस्तक बघ.

पिशवीतून तपकिरी पुस्तक काढलं. पान सापडायला वेळ लागला. समासात त्या चार-पानवाल्या माणसाच्या अक्षरात चार शब्द होते : 'एक जुदुं, बे जुदुं'. एक वेगळं, दोन वेगळं. एक खूण दिली तर मशीन आठातला नेमका एक धागा तपासतं. दोन दिल्या तर एवढंच तपासतं की काहीतरी तुटलंय का. काहीतरी तुटलं की उत्तर हो. आणि पहिली अट तिसऱ्याची लिहिलेली, म्हणून दर वेळी तिसरा. मी एक खूण खोडली. मग उरलेल्या सात ओळींतलीही एकेक खोडली. बोर्डात प्रोग्राम भरून भरतभाईंनी सातवी तार हाताने काढली.

सातवा दिवा लागला.

भरतभाई उठले. भिंतीपाशी एक स्टूल होतं, त्यावरचं रिळांचं खोकं खाली ठेवलं, स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. "बेस," म्हणाले.

त्या स्टुलावर मी अजून बसतो. शिट्टी गेली नाही, डॉक्टर बरोबर होते. पण वाढलीही नाही. काचेचं दार लावलं की खालचा आवाज जाड कापडात गुंडाळल्यासारखा येतो, आणि डाखणीचं टोक तारेला लागतं तेव्हाचा बारीक चर्र आवाज उजव्या कानाला स्पष्ट ऐकू येतो. कधी कधी जिन्यावरून येणारी पावलंही. कुणी खाली नवा माणूस आला आणि वर डोकावून विचारायला लागला, हे कशावरून शिकायचं, तर मी त्याला नाव सांगत नाही. वाचनालयाचा पत्ता सांगतो, आणि कड बघायला सांगतो. काही जण बघतात. काही जणांना वाटतं मी टाळतोय.

स्टूल मिळालं ते सांगायला मी पोंकाची पुडी घेऊन वाचनालयात गेलो. ताई कपाटाच्या खालच्या खणापाशी जमिनीवर बसल्या होत्या. समोर लाकडाचे दोन लांब ड्रॉवर, त्यात कार्डं गच्च भरलेली. जुन्या पद्धतीची, पुस्तकामागे एक कार्ड. बातमी ऐकून त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि पुडीतून दोन दाणे घेतले, दोनच. मग म्हणाल्या, "मी मे महिन्यात निवृत्त होतेय."

वाचनालयाची यादी कॉम्प्युटरवर चढली होती. पुस्तकाचं नाव, लेखक, क्रमांक, असे तीन रकाने. कार्डं आता रद्दीत जाणार होती. "जाऊ देत ना ताई," मी म्हणालो, "त्यातलं सगळं चढलंय तर."

त्यांनी एक कार्ड काढून उलटं केलं. मागे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'पाय मोडून घरी बसलेल्याला द्यावं.' दुसरं काढलं : 'नव्याने सासरी आलेलीला. पहिली दोन प्रकरणं सोडायला सांगावीत.' तिसऱ्यावर : 'झोप न लागणाऱ्याला नको.' एकावर नुसतंच : 'वडील गेल्यावर, लगेच नाही, वर्षाने.' तीस-बत्तीस वर्षं मराठी कपाटासमोर उभं राहून त्यांनी हे लिहिलं होतं, कुणी न सांगता. चौथा रकाना नव्हता, म्हणून यातली एक ओळही कॉम्प्युटरवर गेली नव्हती.

ड्रॉवरच्या अगदी शेवटी, मराठी नसलेल्या पुस्तकाचं एक कार्ड होतं. मी ते ओढून वाचलं. 'सी. तपकिरी बांधणी. रातपाळीच्या माणसाला. घाई करू देऊ नये. झोप झाली का ते आधी विचारावं.'

मी ते होतं तिथे परत खोचलं. ड्रॉवर त्या रद्दीत न देता घरी नेणार होत्या, ते उचलून रिक्षात ठेवायला मदत केली.

आता त्या नवसारीला बहिणीकडे असतात. ड्रॉवर पलंगाखाली आहेत. फोनवर त्या म्हणतात, मुंग्या लागतात, कापूर ठेवलाय. मागच्या महिन्यात म्हणाल्या, अक्षरं पुसट व्हायला लागलीत, कधीकधी माझी मलाच लागत नाहीत. आणि मग माझ्या कानाची चौकशी केली.

ताई, मी एक प्रोग्राम लिहायला घेतलाय. सीमध्येच, मला दुसरं काही येत नाही. त्यात नाव, लेखक, क्रमांक आहे, आणि चौथा रकाना आहे, ऐसपैस. प्रत्येक कार्डामागची ओळ त्यात जशीच्या तशी बसेल, आणि कुणी येऊन 'माझे वडील गेले' म्हणालं तर बरोबर ते पुस्तक वर येईल. फाइलचं प्रकरण माझं अजून कच्चं आहे; बंद करून उघडलं की लिहिलेलं सगळं उडून जातं. मराठीचाही त्रास आहे. सी इंग्रजीचं एक अक्षर एका घरात ठेवते, पण आपलं एकेक अक्षर तीन-तीन घरं खातं आणि काना वेगळा मोजते. पहिल्यांदा मी 'अलका' लिहायला पाच घरं दिली होती. अक्षरं तुटली, पडद्यावर नुसत्या चौकटी आल्या. पुस्तक काढून बसलो. बारा लागतात, आणि नाव इथे संपलं हे सांगायला वर एक.

किती दिवस लागतील ते सांगत नाही, तुम्ही घाई करू देणार नाही. पण तुमचं हे मी फेडणार आहे. एक दिवस नवसारीला येईन, ड्रॉवर बाहेर ओढू, तुम्ही वाचाल आणि मी उजवा कान तुमच्याकडे करून उतरवून घेईन. पहिल्या ओळीत तुमच्या नावाला तेरा घरं आत्ताच राखून ठेवली आहेत.